कालव्यात उभं राहायची जागा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, 'तुम्ही जग पाहिलंत, त्यावर लिहा.' मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं की मी जग पाहिलेलं नाही. जग पाहायला निघालेल्या लोकांसाठी मी खुर्च्या मांडल्या, कठडे पुसले, दोर बांधले आणि 'उभं कुठे राहू?' या प्रश्नाला उत्तरं दिली. त्यावर लिहायचं असेल तर लिहितो. ते म्हणाले, चालेल. त्यांना वाटलं असेल, माणूस विनयाने बोलतोय. विनय माझ्या अंगात नाही, हे आमच्या मिरकरवाड्यात कुणालाही विचारा.

आमचं घराणं समुद्रावरचंच. वडील मासेमारीच्या होडीवर तांडेल होते, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. मला मात्र होडीपेक्षा मोठ्या जहाजाची हौस, म्हणून मुंबईच्या एका एजंटामार्फत मी प्रवासी जहाजावर चढलो. हल्ली सगळे त्याला क्रूझ म्हणतात. काम डेकवरच्या खलाशाचं. दोर, रंग, लाकूड, धुणंपुसणं आणि माणसं. मालवाहू जहाजावरच्या खलाशाचा माल गप्प पडून असतो. आमचा माल दोन पायांवर फिरतो, प्रश्न विचारतो आणि तक्रारी करतो. या कामात मी उभा जन्म काढला आणि शेवटी निवृत्त झालो. निवृत्त झालो म्हणजे कसा झालो, तेच सांगणार आहे.

आमचं जहाज अधूनमधून पनामा कालव्यातून जायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अलीकडे एक महासागर, पलीकडे दुसरा आणि मध्ये डोंगराळ मुलूख. डोंगर आरपार फोडून सरळ पाणी नेलंय अशी बऱ्याच जणांची समजूत असते, माझीही होती. तसं नाही. मध्ये उंचावर एक मोठं तळं आहे. जहाजाला पायरी पायरीने त्या तळ्यापर्यंत चढवतात आणि पलीकडे तसंच उतरवतात. रत्नागिरीकरांना सांगायचं तर जहाज आंबा घाट चढून जातं. एकेक पायरी म्हणजे दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि पुढे-मागे लोखंडी दरवाजे असलेला हौद. जहाज आत घ्यायचं, मागचा दरवाजा लावायचा, वरचं पाणी हौदात सोडायचं. पाणी चढतं, त्याबरोबर जहाज चढतं आणि मग पुढचा दरवाजा उघडतो. भिंतीवर रूळ असतात आणि त्यांवरून छोटी इंजिनं चालतात, त्यांना तिकडे खेचरं म्हणतात. ती दोन्हीकडून तारा धरून जहाजाला मधोमध ठेवतात, कारण जहाज आणि भिंत यांच्यात हातभरही जागा उरत नाही.

या एका दिवसासाठी लोक हजारो मैलांवरून येतात. आदल्या दिवशी सकाळपासून डेकवर एकच प्रश्न सुरू होतो, उद्या उभं कुठे राहायचं? कप्तानापासून केक वाढणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचं उत्तर वेगळं. मी मात्र आधी माणूस बघायचो आणि मग जागा सांगायचो. गुडघे कसे आहेत, ऊन सोसतं का, बरोबर बोलणारं कुणी आहे का, की एकट्याने गप्प बघायची सवय आहे, हे बघून सांगायचो.

बहुतेकांना नाळ हवी असे. जहाजाच्या पुढच्या निमुळत्या टोकाला आमच्याकडे नाळ म्हणतात. एरवी तिथे प्रवाशांना बंदी. ती आम्हा कामगारांची जागा. काम सुटलं की तिथे वारा खायचा, घरी फोन लावायचा, बिडी ओढणाऱ्याने कोपरा धरायचा. कालव्याच्या दिवशी तीच नाळ प्रवाशांना उघडी करायची आणि आम्ही तिथून हलायचं. म्हणजे ज्या दिवशी बघण्यासारखं काही असतं, नेमक्या त्या दिवशी आमची हक्काची जागाही आमची नाही. हा नियम कुणी केला मला माहीत नाही. तो आम्हाला दर वेळी वाचून दाखवणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

एका खेपेला एक वृद्ध बाई उजाडण्याआधीच नाळेच्या अगदी टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या पुढे. पण टोकाचा कठडा पोलादी आणि उंच, बाई ठेंगण्या. त्यांना दिसत होतं ते फक्त आभाळ. मी दोनदा जाऊन सांगितलं की खालच्या डेकवर चला, तिथे निवांत दिसेल. त्या ऐकेनात. मागे माणसांची ही गर्दी जमलेली, एवढ्या जणांना मागे टाकून मिळवलेली पहिली जागा सोडायची कशी? त्यांनी सगळा दिवस त्या कठड्याशी काढला. संध्याकाळी मला म्हणाल्या, छान झालं. मला हसू आलं नाही. आपल्याकडे एसटीत खिडकी मिळाली की तावदान गंजून बसलेलं असलं तरी कुणी उठतं का?

एक गृहस्थ खास कालव्यासाठी बाल्कनीची खोली घेऊन आले होते. खुर्ची टाकून, टोपी घालून, लिंबूपाणी घेत त्यांनी अख्खा कालवा बसल्या जागी बघितला, पण एकाच बाजूचा. रात्रीच्या जेवणाला जाताना मला विचारलं, पलीकडच्या बाजूला काय होतं? मी म्हटलं, हेच. ते साफ खोटं होतं. पलीकडच्या हौदातून समोरून येणारं एक भलंमोठं जहाज उतरत होतं आणि त्यावरचे खलाशी आमच्याकडे बघून हात हलवत होते. पण सुट्टीवर आलेल्या माणसाचा दिवस सरल्यावर कशाला नासवायचा?

माझाही अंदाज चुकलेला आहे. सुरतेकडचं एक कुटुंब होतं, बरोबर पांढऱ्याशुभ्र साडीतल्या आजी. मी मोठ्या ऐटीत त्यांना पिछाडीला बसवलं. म्हटलं, मागे गर्दी नसते, दरवाजे बंद होताना तिथून चांगले दिसतात. दिसलेही. पण तळ्यावर पोचल्यावर वारा फिरला आणि धुरांड्याची काजळी आजींच्या साडीवर येऊन बसायला लागली. आजींनी प्रवास संपेपर्यंत माझ्याशी अबोला धरला. नातू येऊन सांगायचा, आजी विचारते, तो जागा सांगणारा कुठे आहे, म्हणजे मी त्या बाजूला जाणार नाही.

माझी स्वतःची आवडती जागा वेगळी होती. खालचा फिरायचा डेक. तिथे डोक्यावर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. त्यामुळे आभाळ दिसत नाही आणि म्हणून फोटोवाले तिथे फिरकत नाहीत. पण कालवा आभाळात नसतो. कालवा भिंतीत असतो. जहाज हौदात शिरतं तेव्हा त्या डेकवरून ओली, शेवाळलेली भिंत अंगावर येते. वरच्या कडेला फक्त बूट दिसतात, भिंतीवर काम करणाऱ्या माणसांचे. मग पाणी चढायला लागतं. आवाज नाही, धक्का नाही. बूट डोळ्यांसमोर येतात, मग गुडघे, मग कमरेचे पट्टे आणि मग चेहरे. एवढं मोठं जहाज उचललं गेलं हे तिथेच कळतं, कारण मघाशी ज्याच्या बुटाचा तळ दिसत होता तो माणूस आता तुमच्याशी बोलू शकेल इतका समोर असतो. वरच्या मजल्यावरून हेच सगळं नकाशा बघितल्यासारखं दिसतं. मला नकाशात गोडी नाही.

आता शांतारामबद्दल. शांताराम राजापूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. घरी भातशेती आणि काजूची थोडी झाडं. तो इंजिनात ऑइलर. म्हणजे मशिनांना तेलपाणी बघणारा, कान आणि तळहात लावून कुठे काय बिघडतंय ते ओळखणारा कामगार. आम्ही बरीच वर्षं एकाच जहाजावर होतो. मी उन्हाने काळा झालो आणि तो उजेडाविना पांढरा. सुट्टीवर घरी गेला की त्याची आई म्हणायची, तुला तिकडे कोंडून ठेवतात काय. तो हसण्यावारी न्यायचा. पण ते खोटं नव्हतं.

कालव्याच्या दिवशी इंजिनातल्या माणसांना वर यायची सोय नसते. जहाज अरुंद जागेत, कधी पुढे, कधी थांब, कधी किंचित मागे, असे हुकूम वरून येत असतात. सगळ्यांनी आपापल्या जागी हजर राहायचं. आम्ही वर लोकांना 'तो बघा दरवाजा' म्हणून दाखवत असायचो, तेव्हा हा खाली कानांवर गुबगुबीत झाकणं लावून घाम पुसत उभा. कालव्यातून तो कितीतरी वेळा गेला होता. त्याचा कालवा म्हणजे पाण्याची गाळणी. मशीन थंड ठेवायला जहाज बाहेरचं पाणी आत ओढतं, ते पाणी जाळीतून गाळून घेतात. समुद्रात जाळीत शिंपले येतात. तळ्याच्या गोड्या पाण्यात शिरलं की पाला येतो आणि तांबूस गाळ. जाळीत पाला आला की शांताराम म्हणायचा, आलो वर. एकदा त्याने त्यातलं एक पान मला आणून दाखवलं होतं, हे कसलं झाड रे, तू बघतोस ना वरून. मला सांगता आलं नाही. मी कधी झाडांकडे बघितलंच नव्हतं.

त्याची शेवटची खेप होती. हा करार संपला की तो कायमचा घरी जाणार होता. कालव्याच्या चार-पाच दिवस आधी जेवणाच्या वेळी तो माझ्यासमोर येऊन बसला. भात कालवला, पण खाल्ला नाही. म्हणाला, "दत्ता, ह्या टायमाला मला बगायचा हाय. नातवंडं इचारतील, आजोबा तुमी थंय व्हताव ना, तवा मी काय जाळीतला पाला सांगू काय?"

मी म्हटलं, बघू. आणि मग म्हणाला ते मला अजून ऐकू येतं. "भोकातनं न्हाय हां. उभा ऱ्हाऊन."

भोक म्हणजे काय ते सांगतो. इंजिनातल्या किंवा स्वयंपाकघरातल्या कुणाला कालवा बघायची हौस आलीच, तर त्याला पिछाडीच्या दोरखान्यात घेऊन जायची रीत होती. तिथे दोर बाहेर सोडायला जाड पोलादात भोकं असतात. बोसनची, म्हणजे डेकवरच्या मुकादमाची, नजर चुकवून एका भोकाशी उभं राहायचं, भिंतीचा तुकडा, एखादा रूळ, एखादा बूट बघायचा आणि परत जायचं. कुणाची ना नसते, कारण कुणाला दिसत नाही. शांतारामलाही पूर्वी एकदा तिथे नेलं होतं. त्याने त्या भोकातून नेमकं एक खेचर मागच्या बाजूने बघितलं होतं.

मी दोन दिवस विचार केला. नाळ नको, कारण कप्तान वरून थेट नाळेकडेच बघत असतो. सगळ्यात वरचा डेक नको, तिथे पोहायचे कपडे घातलेल्या लोकांत शांताराम अवघडून जाईल आणि बघायचं राहील बाजूला. पिछाडीचा आमचा अनुभव मघाशी सांगितलाच. राहिला खालचा फिरायचा डेक. माझी जागा. त्या दिवशी माझी नेमणूकही तिथेच होती. फक्त तो डेक प्रवाशांचा. आमच्यासारख्यांनी तिथे कामापुरतं जायचं, स्वच्छ गणवेशात, छातीवर नावाची पट्टी लावून, आणि कठड्याला टेकायचं नाही. कठडा पुसायचा असतो, टेकायचा नसतो. हे मला पाठ होतं. तरी मी ठरवलं की हा माणूस कठड्याला टेकून उभा राहील, पाहुण्यासारखा.

त्याच्या सेकंड इंजिनिअरला शांतारामने स्वतःच विचारलं. तो युरोपातला, कमी बोलणारा माणूस. त्याने विचार केला आणि सांगितलं की चढणीच्या तीन हौदांपुरता जा, तुझी जागा मी बघतो, तळं लागायच्या आत खाली ये. मला हे कळलं तेव्हा वाटलं, आता निम्मी लढाई जिंकली. राहिला कपड्यांचा प्रश्न. मी त्याला माझा एक ठेवणीतला गणवेश देऊ केला, म्हणजे तो डेकवरचाच वाटला असता. त्याने घेतला नाही. म्हणाला, मी इंजिनातला हाय, इंजिनातलाच म्हणून बगीन. मग धोबीखात्यातल्या सावर्ड्याच्या अनंताने त्याचा बॉयलर सूट, म्हणजे इंजिनातला अंगभर एकसंध गणवेश, धुऊन, कांजी घालून, इस्त्री करून दिला. बाह्यांना अशी धार की मुंजीला निघालाय असं वाटावं. बॉयलर सुटाला इस्त्री केलेली मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटची बघितली.

तो दिवस ढगाळ होता, ऊन नव्हतं, बरं होतं. पहिल्या हौदाशी जहाज येऊन थांबलं तेव्हा शांताराम लोखंडी दारातून डेकवर आला. खिशात काहीतरी गोल फुगलेलं होतं. मला वाटलं, पुसायच्या चिंध्या असतील. मी त्याला होड्यांच्या सावलीत, कठड्याशी, माझ्या आवडत्या जागी उभं केलं आणि सांगितलं, हात ठेव इथे, घाबरू नकोस. त्याने आधी हात बॉयलर सुटाला पुसले, मग ठेवले.

भिंत आली. ओली, काळसर. मागचा दरवाजा लागला आणि पाणी चढायला लागलं. मी त्याच्याकडे बघत होतो, कालव्याकडे नाही. त्याचं तोंड किंचित उघडं होतं आणि डोळे त्या बुटांवर. गुडघे आले, पट्टे आले, पिवळी शिरस्त्राणं घातलेले चेहरे आले. एक जण त्याच्याकडे बघून हसला. शांतारामने हळूच मान हलवली आणि मला म्हणाला, खाली आपल्याला काय सुदीक कळत न्हाय रे. जहाज ज्याच्या हातांवर चालायचं, त्याला इतकी वर्षं हे ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या हौदात एक प्रवासी आले. त्यांना तिथेच फोटो काढायचा होता आणि मध्ये हा तेलकट खात्यातला माणूस टेकून उभा. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की कामगारांना इथे परवानगी आहे का. मी म्हटलं, आज आहे. ते म्हणाले, मी या जागेचे पैसे भरलेत. मी म्हटलं, साहेब, याने भरलेत त्याचा हिशोब तुम्हाला लागायचा नाही, पण पलीकडच्या बाजूला समोरून जहाज येतंय, आत्ता गेलात तर मिळेल. ते रागाने गेले. तिथे त्यांना खरंच जहाज मिळालं आणि संध्याकाळी फोटो दाखवायला माझ्याकडेच आले. तक्रार त्यांनी केली नाही. ती वेगळ्या कारणाने झाली.

तिसऱ्या हौदातही पाणी काठाला आलं आणि पुढचा दरवाजा दिसायला लागला. त्यापलीकडे तळं. आता शांतारामची वेळ संपत आली होती. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, थांब जरा. आणि खिशातून त्याने नारळ काढला. स्वयंपाकघरातून मागून आणलेला, सोललेला, शेंडी ठेवलेला. तो दोन्ही हातांत धरून त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं, आपल्या गावात देवळाच्या पायरीवर घालतात तसं, खड्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा! ह्या येशीचा जो कोन राखणदार आसशील तेनं आयक. आमी परमुलखातली मानसं. तुज्या येशीतनं चाललांव. बोटीवर लहानमोटी हाईत, खाली इंजिनात पोरं हाईत, त्यांस्नी सांबाळ. वाकडंनाकडं आसंल ता दूर कर म्हाराजा."

आणि माझ्या तोंडून, ड्यूटीवर, गणवेशात, प्रवाशांच्या देखत निघून गेलं, "व्हय म्हाराजा!" मागे लोखंडी दाराशी अनंता बघायला आलेला होता, तोही ओरडला. जवळ उभे असलेले दोन-चार प्रवासी टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलंच काहीतरी असेल.

इथवर काही बिघडलं नव्हतं. पण गाऱ्हाणं घातल्यावर नारळ द्यावा लागतो. आमच्यासारख्या समुद्रावरच्या माणसाने तो पाण्यात सोडला असता. शांताराम तसं करणार नव्हता. जहाजावरून पाण्यात काही टाकायचं नाही, हे इंजिनातल्या माणसाच्या हाडात भिनलेलं असतं. तेलाचा थेंब गेला तरी चौकशी होते. शिवाय तो डोंगराकडचा. त्याच्या वाडीत गावाच्या हद्दीवर राखणदाराचा दगड आहे, त्यावर नारळ फोडतात. समोर हद्द होती, दगडासारखी भिंत होती, आणि ती हातभरावर होती. मी 'अरे' म्हणेपर्यंत त्याने नारळ नेम धरून त्या कालव्याच्या भिंतीवर फोडला.

नारळ रुळांच्या मध्ये पडला आणि त्याची दोन भकलं झाली. जवळचा कामगार दचकून मागे सरला. शिट्टी वाजली. मग तो कामगार पुढे आला, एक भकल उचललं, हुंगलं, दातांनी खोबरं तोडून खाल्लं आणि आमच्याकडे बघून अंगठा वर केला. तिकडेही नारळ पिकतो. शांताराम मला म्हणाला, घेतलान त्यानं. आणि समाधानाने खाली निघून गेला.

पण कालव्याचा वाटाड्या, म्हणजे जहाजाला कालव्यातून नेणारा तिथला अधिकारी, वरून हे सगळं बघत होता. त्याला दिसलं ते एवढंच, की एका कामगाराने भिंतीवरच्या माणसांच्या रोखाने काहीतरी फेकलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. फेकलेला नारळ कुणाच्या डोक्यात बसला असता तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

संध्याकाळी आम्हा दोघांना स्टाफ कॅप्टनच्या खोलीत बोलावलं. कप्तानाच्या खालचा हा अधिकारी, शिस्तीचं खातं त्याच्याकडे. वाईट माणूस नव्हता, नियमाचा माणूस होता. शांतारामच्या बाबतीत दोन गोष्टी होऊ शकत होत्या. एक तर ताकीद. नाही तर पुढच्या बंदरात उतरवून, कागदावर शेरा मारून घरी पाठवणी. इतक्या वर्षांची नोकरी आणि शेवटचं पान काळं. शांतारामने सगळं सरळ सांगितलं. नारळ माझा, फेकला मी, रीत आमची, चूक झाली, तिथे माणसं होती हे ध्यानात आलं नाही. सेकंड इंजिनिअर बोलावल्याशिवाय येऊन उभा होता. त्याने सांगितलं की रजा मी दिली आणि असा हात मला परत मिळणार नाही.

मग स्टाफ कॅप्टन माझ्याकडे वळला. म्हणाला, नारळाचं कळलं. पण हा मुळात प्रवाशांच्या डेकवर आला कसा? पिछाडीच्या दोरखान्यात उभा केला असतास तर हे घडलंच नसतं. सगळे तेच करतात. तू असं का केलंस?

मी म्हटलं, "तिथून काही दिसत नाही, साहेब."

शेवटी शांतारामला तोंडी ताकीद मिळाली. करार पुरा करून, स्वच्छ कागद घेऊन तो घरी गेला. लेखी ताकीद माझ्या नावावर आली. योग्यच होती. नियम मी मोडला होता, आणि मोडतोय हे ठाऊक असून मोडला होता.

मला खंत एकाच गोष्टीची आहे, आणि ती नियमाची नाही. त्या दिवशी खाली आणखी किती तरी माणसं होती. कुणी फिलिपिन्सचा, कुणी गोव्याचा, कुणी इंडोनेशियाचा. आळीपाळीने एकेकाला वर आणलं असतं तर सगळ्यांनी एकेक हौद बघितला असता. मला ते तेव्हा सुचलं नाही. मी आपल्या गाववाल्यापुरतं बघितलं.

करार संपवून मी रत्नागिरीला आलो. पुढच्या खेपेची तारीख कळेना तेव्हा एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, जागा आहे, तुमचं नावही आहे, फक्त एक कागद राहिलाय. त्या दिवशीबद्दल दोन ओळी लिहून द्या, इंग्रजीत मी करून देतो, तुम्ही सही करा. काय लिहायचं, विचारलं. म्हणाला, कामगाराला चुकीच्या ठिकाणी उभं केलं याबद्दल दिलगीर आहे, असं. एवढंच. सगळे देतात. अजून दोन-तीन करार सहज मिळाले असते.

मी रात्री बायकोला सांगितलं. ती मच्छीबाजारात लिलाव बोलणारी, तिच्यासमोर आडपडदा चालत नाही. घरात खर्च होता, धाकटीचं शिक्षण चालू होतं. ती सही कर म्हणेल असं मी धरून चाललो होतो आणि म्हणाली असती तर तिचं चुकलं नसतं. तिने एवढंच विचारलं, "शांतारामभावजींनी बगितलानी ना सगळा?"

मी म्हटलं, बघितला. तळ्याच्या दरवाजापर्यंत. उभं राहून.

ती म्हणाली, "मंग कनाला लिवताव?"

सकाळी मी एजंटाला कळवलं. म्हटलं, नारळाबद्दल लिहून घ्या, नियम मोडल्याबद्दल लिहून घ्या, हवी तेवढी सही करतो. ओरडलो त्याबद्दलही करतो. तो म्हणाला, तसा नमुना नाही, ठिकाणाबद्दलच लिहावं लागेल. मी म्हटलं, मग राहू दे. त्याला वाटलं, पोट भरलेल्या माणसाचा माज आहे. असेल. पण मी त्या डेकवर आयुष्यभर एकच गोष्ट शिकलो होतो, कुणाला कुठे उभं करायचं. शेकडो लोकांना जागा सांगितल्या, काही बरोबर निघाल्या, काही फसल्या. त्या माणसाला मी जिथे उभं केलं, ती जागा चुकली नव्हती.